"एष्ट मंदी अदीरी?" : बेळगावकडून पंढरीला पायी जाताना जेवणाची आणि मुक्कामाची सोय

राम कृष्ण हरी.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका गावातून तुम्ही १८ जण, त्यात ७ महिला, पहिल्यांदाच माघी एकादशीला पायी निघणार. मोठ्या दिंडीत मिसळायचं नाही, सामानाला एक छोटा हत्ती (लहान टेम्पो), आचारी नाही. वाटेत जेवण आणि रात्रीचा आसरा आधी ठरवावा लागतो की आपोआप होतो, आणि बेळगावजवळच्या काकतीच्या पुढे कानडी मुलखात ती भाषा येत नसेल तर कसं करायचं, हे तुम्ही विचारलंय. मी २४ वर्षं आमच्या गावची दिंडी नेतो. नेतो म्हणजे वीणा एकाच्या गळ्यात, मृदंग दुसऱ्याच्या, आणि माझ्याकडे वही, पेन आणि सगळ्यांची बोलणी. त्या वहीच्या जोरावर लिहितोय.

"आपोआप होतं, पांडुरंग उपाशी ठेवत नाही" असं तुम्हाला चारचौघं सांगतील. उपाशी ठेवत नाही हे खरंच आहे. पण भाकऱ्या कुणीतरी थापायच्या असतात, आणि त्या बाईला दिवस कलायच्या आत कळावं लागतं की किती थापायच्या. माझ्या मते सगळी सोय या एका गोष्टीवर उभी आहे. आकडा खरा सांगा आणि सांगितलेल्या वेळेला पोचा. बाकी धर्मशाळेची यादी, मठांचे फोन नंबर हे सगळं नंतरचं.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही, फजितीने शिकलो. आठवं-नववं वर्ष असेल. चिकोडीच्या अलीकडच्या एका गावात एका शेतकऱ्याच्या घरी रात्रीची पंगत ठरली होती. मी चाळीस सांगितले होते. वाटेत दोन गावांतली माणसं "तुमच्याबरोबरच येतो" म्हणून मिसळली, मलाही बरं वाटलं, दिंडी मोठी दिसायला लागली. पोचलो तेव्हा ६३ होतो, आणि तेही सहाऐवजी आठ वाजता. घरच्या मालकिणीने अंगणात पाहिलं, एक शब्द बोलली नाही. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि परत परातीपुढे बसली. पीठ संपलं. शेजारच्या दोन घरांतून डब्यांनी पीठ आलं, अंगणात तीन दगडांची दुसरी चूल पेटली, आणि आमचं कीर्तन सुरू असताना मागून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. शेवटची पंगत साडेदहाला उठली. घरातल्या बायका त्यानंतर जेवल्या, नुसत्या भातावर. सकाळी निघताना मी हात जोडले तर त्या एवढंच म्हणाल्या, "मुंदिन वर्ष खरे हेळ्री." पुढच्या वर्षी खरं सांगा. अजून त्याच घरी आमची पंगत असते. पण मी परसादाच्या पिशवीत हात घालण्याआधी आकडा मोजतो.

हिशोब सोपा आहे. माणशी दोन भाकऱ्या धरल्या तरी तुम्हा १८ जणांच्या ३६, आणि छोट्या हत्तीचा ड्रायव्हर धरून ३८. थापणाऱ्या दोघी असतील तर तासा-दीड तासाचं काम. एवढं एक घर हसत करतं. तिशी ओलांडली की एका घराला जड जातं, मग गल्ली वाटून घेते: दोन घरं भाकरी, एक घर आमटी, एक घर भात. म्हणून तुमच्या संख्येला मोठं अन्नछत्र शोधायची गरजच नाही. लहान दिंडीचा हाच फायदा आहे, तो घालवू नका. वाटेत मिसळणाऱ्याला नम्रपणे सांगा की जेवणाची सोय १८ जणांचीच आहे. वाईट वाटेल, वाटू दे.

आता वाट. तुम्ही माघी निवडलीत ते आपल्या भागाला धरून आहे. आषाढीला भाताची लावणी, कार्तिकीला कापणी-मळणी, शेतकरी माणूस घर सोडणार कसा. माघात सुगी घरात आलेली असते, आपल्याही आणि यजमानाच्याही. बेळगावपासून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर. रोज २२-२५ किलोमीटर धरलेत तर खानापूरकडून बारा दिवस हाताशी ठेवा. आम्ही काकती, होनगा करत वंटमुरीचा घाट उतरतो, मग हत्तरगी, संकेश्वर, तिथून हमरस्ता सोडून चिकोडी, अंकली, कृष्णेचा पूल ओलांडून मांजरी, कागवाड, म्हैसाळ, मिरज. मिरजेपासून कवठेमहांकाळ, नागज फाटा, जुनोनी, सांगोला आणि पंढरपूर. निपाणीवरून कोल्हापूर गाठणारेही आहेत, पण सहापदरी रस्त्याच्या कडेने चालण्यात ना सुख ना स्वागत. ढाब्यावर पैसे दिले की जेवण मिळतं, पण झोपायला कुणी बोलवत नाही. गावातून जाणारी वाट थोडी लांबली तरी तीच धरा.

मार्गशीर्षातच दोघांनी मोटारसायकलवर एक फेरी मारा. हे काम फोनवर होत नाही. प्रत्येक मुक्कामाच्या गावात आधी देवळात जायचं, पुजाऱ्याला किंवा तिथे बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचं की दिंडी आली तर कोण बघतं. दर गावात असा एक माणूस असतोच. कधी देवस्थान पंच कमिटीचा, कधी दूध डेअरीचा सेक्रेटरी, कधी किराणा दुकानदार. त्याच्या हातचा चहा प्यायचा, त्याचा नंबर वहीत, आपला नंबर त्याच्याकडे. मग निघायच्या आधी एक फोन, आदल्या दिवशी एक, आणि त्या दिवशी दुपारी एक: "माउली, १८ आहोत, साडेपाचला पोचतो." तिसरा फोन विसरू नका. चूल त्याच फोनवर पेटते.

झोपायच्या जागेबद्दल माझी आवड-निवड सांगतो. पहिली पसंती देवळाच्या सभामंडपाला. वर छप्पर, शेजारी नळ किंवा बोअर, आणि हरिपाठाला गावातली चार माणसं आपोआप येतात. दुसरी पसंती शाळेला, पण मुख्याध्यापकांना आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या देखरेख समितीच्या) अध्यक्षांना आधी विचारून. वर्ग सकाळी झाडून द्यायचे, फळ्यावर काही लिहायचं नाही, चटणीचे डाग फरशीवर सोडायचे नाहीत. समुदाय भवन मिळालं तर उत्तम, पण चावी पंचायतीत असते आणि पंचायत पाचला बंद होते. मंगल कार्यालयावर विसंबू नका, माघात लग्नसराई असते. थंडीचं मात्र बघा. सभामंडपाच्या फरशीवर पहाटे तीनला कळ येते. आपल्या बाजूला कुणाच्याही गोठ्यातून भाताचं पिंजर (पेंढा) मागून घ्या आणि त्यावर सतरंजी अंथरा. चिकोडीच्या पुढे पिंजर मिळणार नाही, तिथे कडबा, आणि कडब्यावर झोप येत नाही. म्हणून रिकामी पोती गाडीत टाका.

जागा बघताना तुम्ही पुरुष मंडळी छप्पर बघता. तुमच्याबरोबर ७ बायका आहेत, त्यांना आधी विचारायचं असतं की संडास कुठे आणि आंघोळीला आडोसा कुठे. पहिली पाच-सहा वर्षं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायका पहाटे साडेतीनला उठून अंधारात शेताकडे जायच्या, आणि वाटेत पाणी पीत नव्हत्या, लघवीला जावं लागू नये म्हणून. एकीला नागज फाट्याजवळ चक्कर आली तेव्हा तिच्या सुनेने मला हे सांगितलं. तेव्हापासून फेरी मारताना बरोबर एक बाई असते आणि जागा पसंत करायची ती. गाडीत चार बांबू, दोन जुनी नऊवारी लुगडी आणि सुतळी असते, नळाशेजारी पाच मिनिटांत न्हाणीघर उभं राहतं. देवळाशेजारचं एक घर बायकांच्या संडासासाठी आधीच सांगून ठेवायचं. यजमानाला हे विचारायला लाज वाटू देऊ नका. उलट त्या घरातल्या बायका जास्त आपुलकीने वागतात, कारण त्यांना कळतं की ही माणसं नीट आहेत.

भाषेचं भय मनातून काढा. वंटमुरीपासून चिकोडीपर्यंत कानडी जास्त कानावर पडेल. संकेश्वरात आणि चिकोडीत मराठी समजतं, बोलतातही. गावात शिरलात की पहिला प्रश्न ठरलेला: "एष्ट मंदी अदीरी?" किती माणसं आहात? बघा, तिथेही आकडाच. उत्तर "हदिनेंट मंदी", अठरा जण. देऊळ म्हणजे गुडी, पाणी म्हणजे नीर, जेवण म्हणजे ऊटा. "इवत्त रात्री इल्ली इरबहुदेनरी?" म्हणजे आज रात्री इथे राहता येईल का. शेवटचा "री" विसरू नका, आपल्या "हो" ला "जी" लावण्यासारखा तो मान आहे. म्हातारीला अव्वा, म्हाताऱ्याला अज्जा. एवढ्यावर काम भागतं. पेपरात सीमाप्रश्नाचं काहीही चालू असो, कपाळावर बुक्का आणि गळ्यात माळ दिसली की वाटेवर तो विषय कुणी काढत नाही. आपणही काढू नये. हुक्केरी तालुक्यातल्या एका गावात मी एका अज्जांच्या हातात हरिपाठाची वही पाहिली. शब्द मराठी, अक्षर सगळं कानडी. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, बोलताही फारसं येत नव्हतं, पण अभंग एकही चुकला नाही. चुकलो आम्हीच, दुसऱ्या दिवशी थकून चाल घसरली तेव्हा.

वाटेत लिंगायत मठ लागतील. तिथे दासोह असतो, म्हणजे येईल त्याला पंगत. दासोह ही बसवण्णांच्या परंपरेतली फार मोठी गोष्ट आहे, तिला फुकटचं जेवण समजून जाऊ नका. तिथे "जेवण" न म्हणता "प्रसाद" म्हणायचं. आधी स्वामीजींना किंवा मठाच्या व्यवस्थापकाला भेटायचं, नमस्काराला "शरणु" म्हणायचं, आणि ताटात एक शीतही टाकायचं नाही. वाढणाऱ्याला "सोल्प, सोल्प" म्हणायचं, थोडं थोडं. तंबाखूची डबी गाडीतच ठेवायची. निपाणीकडचा भाग तंबाखूचा, त्यामुळे आपल्यातल्या काही माउलींना हे जड जातं, पण मठाच्या पायरीवर पिचकारी मारलेला वारकरी मी पाहिलाय आणि त्या दिंडीला पुढच्या वर्षी तिथे दार बंद होतं. दार बंद म्हणजे कुणी नाही म्हटलं नाही, फक्त सांगितलं की काम चालू आहे.

अंकलीचा मुक्काम चुकवू नका. आषाढीला आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर जे अश्व चालतात, ते या अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातले. इथून ते पायी आळंदीला जातात. त्यामुळे चालून आलेल्या माणसाला काय लागतं हे इथे सांगावं लागत नाही. आधी पाय धुवायला गरम पाणी, मग चहा, मग विचारपूस.

जेवणाचं काय मिळेल आणि काय खावं. आपल्याकडून निघताना गाडीत तीन दिवसांची कडक भाकरी, शेंगाची चटणी, कारळाची चटणी, चुरमुरे आणि गूळ असू द्या. ही यजमानाच्या भरवशावर न राहण्याची पुंजी. सकाळची न्याहारी शक्यतो स्वतःचीच ठेवा. पहाटे साडेचारला काकडा करून निघणाऱ्यासाठी यजमानाने तीनला उठून उप्पीट करायचं, हे मला पटत नाही. रात्रीचं जेवण यजमानाचं, दुपारचं वाटेतल्या देवळात आपला शिधा शिजवून, असा आमचा नेम. दुपारी खिचडी किंवा आमटी-भात, १८ जणांना अडीच किलो तांदूळ पुरतो. आचारी नाही म्हणता, तर दोन माणसं रोज गाडीबरोबर पुढे पाठवा, पाळीने.

संकेश्वर ते कागवाड हा उसाचा पट्टा. माघात गुऱ्हाळं आणि कारखाने दोन्ही जोरात असतात. गुऱ्हाळावरून दिंडी गेली की मालक हाक मारतोच. काहिलीतून काढलेला कोमट गूळ पळसाच्या पानावर, वर फोडलेले शेंगदाणे, असं एकदा खाल्लंत की घरचा लाडू आठवणार नाही. पण उसाचा रस मात्र अर्ध्या पेल्यावर थांबवा. एकदा आमच्या पोरांनी पैज लावून तीन-तीन पेले प्यायले आणि मांजरीच्या पुलापर्यंत दर फर्लांगाला एक जण उसात शिरत होता. ओआरएसची पाकिटं आणि ताक, ही दोन औषधं गाडीत हवीतच. पाणी बदललं की पोट बिघडतं, म्हणून रात्रीच्या मुक्कामी पाणी उकळून कॅनमध्ये भरून घ्या.

त्याच उसाचा दुसरा भाग म्हणजे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, पुढे गाणी एवढी मोठ्याने की हॉर्न ऐकू जात नाही. लहान दिंडीने उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असं, एका ओळीत चालावं. पताकेच्या काठीला आणि सगळ्यांच्या पाठीला चमकणारी पट्टी लावा. आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचा. २०२२ साली कार्तिकीच्या तोंडावर जुनोनीजवळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दिंडीत संध्याकाळी कार घुसली आणि ७ वारकरी गेले. तुम्ही त्याच रस्त्याने जाणार आहात. "अजून चार किलोमीटरच राहिलेत" असं कुणी अंधारात म्हणालं तर ऐकू नका, तिथेच जवळच्या वस्तीवर थांबा आणि पुढच्या यजमानाला फोन करून माफी मागा.

म्हैसाळला महाराष्ट्रात शिरलात की भाषा आपली, पण सवयी बदलतात. मिरजेत कुणाला बरं नसेल तर तिथेच ठरवा, मोठी इस्पितळं आहेत आणि बेळगावला परतायला रेल्वे आहे. सामानाच्या गाडीत माणसं बसवू नका, थकलेल्याला सरळ एसटीत घाला. कवठेमहांकाळच्या पुढे गावं रस्त्यापासून आत असतात आणि माणसं शेतात वस्तीवर राहतात. म्हणून तिथे देवळापेक्षा वस्त्या हेरून ठेवा. हा कमी पावसाचा मुलूख. म्हैसाळ योजनेच्या पाण्याने काही भागात द्राक्षं-डाळिंबं उभी राहिलीत, तरी पाण्याची किंमत तिथल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळते. आपण खानापूरची माणसं, घरामागे ओढा वाहताना वाढलेली, नळ सोडून दात घासतो. सांगोल्याकडे एका वस्तीवरच्या आजीने आमच्या पोराच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि स्वतः ओतून दाखवलं, एवढ्यात दोन माणसांचे हात-पाय होतात म्हणून. तिकडे आपणच आपलं पाणी कॅनमध्ये भरून न्यावं. मात्र जेवणाला कमी करत नाहीत. बाजरीची भाकरी, ठेचा, पिठलं, आणि नशीब असेल तर शेकोटीवरचा हुरडा.

पंढरपुरात जागेसाठी दशमीला पोचून शोधाशोध करू नका. चंद्रभागेपलीकडच्या ६५ एकरावर दिंड्यांना राहुट्या ठोकायला जागा मिळते, पाणी-संडास असतात, पण एक माणूस दोन दिवस आधी पाठवून जागा धरा. देवस्थान समितीचं भक्तनिवास आहे, वारीत ते मिळेल असं धरून चालू नका. एकादशीच्या उपासाला गावाकडची रताळी न्या. बेळगावच्या मातीतली ती गोडी तिकडच्या बाजारात नाही, आणि शेजारच्या राहुटीवाल्यांनाही वाटता येतात.

पैशाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. यजमानाच्या हातात पैसे ठेवू नका, अपमान होतो. देवळाच्या दानपेटीत टाका, मठात पावती घ्या. घरच्या बाईला खण-नारळ, तोही आपल्या बायकांच्या हातून. आणि परतीची एक गोष्ट, जी नवीन दिंड्या हमखास विसरतात. पंढरपुरातून चुरमुरे, बत्तासे, कुंकू आणि बुक्का यांच्या पुड्या यजमानांच्या संख्येएवढ्या बांधून घ्या, वर चार जास्त. बाकीची मंडळी रेल्वेने जाऊ देत. छोटा हत्ती रिकामा परतणारच आहे, तो आलेल्या वाटेनेच न्या आणि प्रत्येक दारात पाच मिनिटं थांबून प्रसाद द्या. चहाला बसलात तर दोन दिवस लागतील, तेवढे हाताशी ठेवा. आम्ही पुढच्या वर्षीचा आकडा त्याच दारात अंदाजाने सांगून येतो, आणि निघायच्या आदल्या महिन्यात तो दुरुस्त करतो.